ताईच्या जेटीसमोर हळू

माझा मामा इंजिनाला 'अहो' म्हणतो. मामीला 'अगं', मला 'ए ठोंबे', आणि इंजिनाला 'अहो'. सकाळी बोटीवर चढला की मागचं झाकण उघडून आधी चौकशी करणार, "अहो, बरं आहे ना? काल जरा जास्तच पळवलं तुम्हाला." मग तेल बघणार, पट्टा दाबून बघणार, झाकण हळूच लावणार. मामी म्हणते, "एवढ्या प्रेमाने माझी विचारपूस केली असती तर मी पण काही बिघडले नसते."

मामाची सभ्यता हा आमच्या घरातला जुना त्रास आहे. खुर्चीला पाय लागला तर तो खुर्चीची माफी मागतो. स्वतःच्या घरात शिरताना दार वाजवतो. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, तिथे एकदा दाढ काढून झाल्यावर तोंडात कापसाचा बोळा असताना तो डॉक्टरांना सांगत होता, "तुम्हाला फार जोर लावावा लागला, माफ करा." डॉक्टर आठवडाभर ते प्रत्येक पेशंटला ऐकवत होते. आणि असल्या या माणसामुळे आमचं अख्खं तळं दोन गटांत फाटलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही पटलं नसतं.

आजोबा तळ्यावर वल्ह्याच्या होड्या भाड्याने द्यायचे. आई थोरली, मामा धाकटा. आईने वल्ही उचलली ती आजतागायत खाली ठेवली नाहीत. मामाचा जीव मात्र पहिल्यापासून इंजिनात. त्याने नोकरीभर पाणीपुरवठ्याच्या खात्याची छोटी लाँच चालवली, ती निवृत्त झाली त्याच वर्षी हाही निवृत्त झाला, आणि लगेच त्याने ही मोठी मोटरबोट घेतली. पांढरी शुभ्र, वर छप्पर, आत पाठीला पाठ लावलेली बाकं. बाजूचं फळकूट खाली पाडलं की चाकाची खुर्ची थेट आत जाते. वृद्धाश्रमातली माणसं, काठी टेकणारे आजोबा, पोटुशी बायका, ज्यांना होडीत पाय टाकायची सोय नाही असे सगळे मामाच्या बोटीतून तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन यायचे. परत उतरताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. मी बोट चालवत नाही आणि मला बोटींची भारी हौसही नाही, पण त्या चेहऱ्यांसाठी मामाला सगळं माफ करावं असं मला वाटायचं.

आईला तसं वाटत नव्हतं.

आईची जेटी तळ्याच्या वळणावर आहे. लाकडी, पिंपांवर तरंगणारी, चालताना जराशी डुलणारी. होड्या आहेतच, पण आईचं खरं काम वेगळं. ज्यांना आयुष्यभर पाण्याची भीती वाटली अशा साठीच्या पुढच्या माणसांना ती पाण्यावर पडून राहायला शिकवते. पोहायला नाही, नुसतं पाठीवर पडून तरंगायला. "हातपाय मारायची घाई नंतर करा, आधी पाण्यावर भरवसा ठेवा," असं ती काठावरून ओरडते. तिचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो. पलीकडच्या काठावर माणसं त्यावर घड्याळ लावत असतील तर मला नवल वाटायचं नाही. तिच्याकडे एक बेकरीवाला येतो, देहाने त्याच्या भट्टीएवढा, तो पाण्यात उतरताना डोळे गच्च मिटतो. आणि एक निवृत्त मास्तरीणबाई येत. चाळीसेक वर्षं मुलांना धाकात ठेवलेली बाई, पण जेटीच्या शिडीला धरून अशी थरथरायची की शिडी वाजायची. आई रोज त्यांच्या मानेखाली हात धरून उभी राही. महिने गेले, पण आईने एकदाही "आता सोडू का" असं विचारलं नाही.

आता आमच्या तळ्याची एक रीत सांगायला हवी. वल्ह्याची होडी दिसली किंवा काठाला माणसं पाण्यात दिसली की इंजिनवाल्याने वेग अर्ध्यावर आणायचा आणि हात वर करायचा. आजोबांनीच ती घालून दिली. तेव्हाच्या लाँच म्हणजे पोळपाटाएवढ्या, पण रीत ती रीत. सगळे बोटवाले पाळतात. आणि आईच्या जेटीसमोर तर अगदी न चुकता, कारण निम्म्या बोटवाल्यांना लहानपणी वल्हवायला तिनेच शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांना तिने कधी ना कधी झापलंय. ती सगळ्यांची ताई. सगळ्यात वाकून कोण वेग कमी करणार? अर्थात मामा. लांबूनच इंजिन उतरवत आणायचा, टोपी काढायचा, हात वर करायचा, आतल्या प्रवाशांनाही हात करायला लावायचा. "ही माझी थोरली बहीण," असं प्रत्येक फेरीला सांगायचा.

मोठ्या बोटी वाढल्या तशा लाटा वाढल्या. तळ्याच्या काठाची माती सुटायला लागली, गवत उपटून निघालं, आणि आईची जेटी तर खिळखिळी झाली. सकाळी नीट ठोकलेली फळी संध्याकाळी वर यायची. पण पंचाईत अशी की एवढा मार दुसऱ्या कोणाच्याच जेटीला बसत नव्हता. आई सांगायची, लाटा येतात. बोटवाले सांगायचे, अहो, तुमच्यासमोर तर आम्ही सगळ्यात हळू जातो. लोक आईकडे असं बघायला लागले की बाईंचं वय झालं, जेटीचंही झालं, त्यात लाटांचा काय दोष.

एका रविवारी मामा फळ्या ठोकायला हातोडी घेऊन आला. तिथेच ठिणगी पडली.

"ताई, ही पिंपं बदल. सडलीत," मामा म्हणाला.

"पिंपं सडली नाहीत. तुमच्या बोटींनी हलवून हलवून त्यांचे पट्टे तोडलेत."

"अगं, तुझ्यासमोर कोण जोरात जातं? नाव सांग. मी त्याच्याशी बोलतो."

"तुझी बोट. तुझी बोट गेली की येते लाट."

मामाने हातोडी खाली ठेवली. त्याचा चेहरा एवढासा झाला. "ताई, मी? मी तर बोट चालवतोय की ढकलतोय असं वाटावं इतका हळू जातो."

"मग मी खोटं बोलते?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. तळ्याच्या समितीची सभा आहे ना पुढच्या महिन्यात? मी सांगणार आहे, मोठ्या बोटी तळ्यावरून काढा. सगळ्या. तुझीसुद्धा. नाही काढल्या तर मी जेटी बंद करते. माझ्या माणसांना मी अशा पाण्यात उतरवणार नाही."

आईच्या नाकावर राग असतो हे खरं, पण बोलली ते करून दाखवते हेही खरं. म्हणजे एक तर आईची जेटी राहणार, नाहीतर मामाची बोट. त्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला. धरला म्हणजे कसा, तर एकाच टेबलाशी बसून. "तुझ्या मामाला मीठ दे." "तुझ्या आईला सांग, मीठ पोचलं." मी दिवसभर दवाखान्यात लोकांची रडगाणी ऐकायची आणि घरी येऊन या दोघांचा पोस्टमन व्हायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "मी आता निरोपाला फी लावते." तर दोघंही एकदमच म्हणाले, "तिला सांग, लाव."

सभेच्या थोडं आधी मामाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बोट चालवायला सक्त मनाई केली. बोट तेवढे दिवस त्याच्या मुलीने चालवायला घेतली. ती पक्की बापाची लेक. इंजिनाला 'अहो' म्हणत नाही, पण बाकी सगळं त्याच्यासारखंच करते. मामा घरात दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मामीने त्याला घराबाहेर काढलं. "खिडकीतून तळ्याकडे बघून उसासे टाकायचे असतील तर तळ्यावर जाऊन टाका," म्हणाली.

आणि हा गेला कुठे, तर आईच्या जेटीवर. दुसरीकडे कुठे जाणार? टोकाला एक बादली पालथी घालून त्यावर बसला. काळा चष्मा, अंगात घरचा सदरा, हात गुडघ्यांवर. मला सुटी होती, मी आईचे टॉवेल वाळत घालत होते.

"त्याला सांग, सावलीत बस म्हणावं," आई पाण्यातून ओरडली. "डोळ्यात औषध घातलंय."

"तिला सांग, बरा आहे मी इथे."

"त्याला सांग, मग डोळ्याला हात लावू नकोस."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. दोघांनाही ऐकू जात होतंच.

त्या दिवशी आईने मास्तरीणबाईंच्या मानेखालचा हात काढून घेतला. काही न सांगता. बाई तशाच पाण्यावर पडून राहिल्या, डोळे आभाळाकडे, आणि काही क्षणांनी त्यांना कळलं की खाली हात नाही. त्या हसल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. बेकरीवाला शिडीवरून टाळ्या वाजवायला लागला, आईने त्याला हाताने गप्प केलं.

तेवढ्यात वळणावरून मामाची बोट आली. स्वतःची बोट चालताना मामाने काठावरून कधी पाहिलीच नव्हती. ती चालायची तेव्हा तो आत असायचा, पुढे तोंड करून. तो बादलीवरून अर्धा उठला. मुलीने लांबूनच वेग उतरवला, अर्ध्यावर आणला, हात वर केला. आतल्या सगळ्यांनी हात केले.

"बघ," मामा मला म्हणाला, आवाजात नुसतं कौतुक. "बघ कशी छान हळू केली. तुझ्या आईला सांग, याला म्हणतात..."

तो मध्येच थांबला. बोटीचं नाक वर उठलं होतं आणि शेपूट पाण्यात बसलं होतं. इतकी जड बोट अर्ध्या वेगाला धड तरंगतही नव्हती आणि धड धावतही नव्हती, नांगरासारखी पाणी फाडत चालली होती. मागे पाण्याचा एक लांबलचक उंचवटा उभा राहिला. बोट वळणाआड गेली. हात करणारे हात दिसेनासे झाले. पाणी शांत वाटलं. आणि मग तो उंचवटा काठाला आला.

जेटी वर गेली, आदळली. बादली घसरली, मामा दोन्ही हातांवर पडला. शिडीवरचा बेकरीवाला कठड्याला लटकला. मास्तरीणबाई दिसेनात.

आई होती तशी बुडी मारून गेली. वर आली तेव्हा बाई तिच्या खांद्याला चिकटल्या होत्या, ठसकत, पाणी ओकत. आम्ही त्यांना वर ओढलं, टॉवेल गुंडाळले, पाठ चोळली. त्यांनी जेटीची फळी अशी पकडली होती की बोटं एकेक करून सोडवावी लागली. श्वास जागेवर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी उद्यापासून येणार नाही." आणि बेकरीवाल्याच्या हाताला धरून निघून गेल्या.

मामा फळ्यांवर तसाच बसला होता. काळा चष्मा वाकडा झाला होता. त्याने खिशातून फोन काढला, मुलीला लावला. प्रवासी उतरवून परत ये म्हणाला. पाण्यात आता कोणी नव्हतं. त्याने तिला आधी गोगलगायीसारखं सरपटत समोरून जायला लावलं. जेटीला पाणी नुसतं चाटून गेलं. मग लांबून, तळ्याच्या मधून, सुसाट; आवाज झाला, पण काठाला आल्या त्या बारक्या लाटा. मग म्हणाला, "आता नेहमीसारखी ये. आत्यासमोर येतेस तशी."

जेटी पुन्हा वर गेली आणि पुन्हा आदळली.

"ताई," मामा म्हणाला. कित्येक दिवसांनी थेट. "हे मी रोज करत होतो?"

"रोज नाही," आई केस पिळत म्हणाली. "दर फेरीला."

"मी तुझ्यासाठी हळू करायचो गं."

आई त्याच्याजवळ बसली, वाकडा झालेला चष्मा सरळ केला आणि म्हणाली, "डोळ्यात पाणी जाऊ देऊ नको म्हणाले होते ना डॉक्टर? मग रडू नकोस, गाढवा." आणि स्वतःच रडली. मी टॉवेल वाळत घालायचं काम उगाच पुन्हा सुरुवातीपासून काढलं.

सभा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्ष औषधांचे दुकानदार, त्यामुळे सगळ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ. एकीकडे बोटवाले, दुसरीकडे होडीवाले, पोहणारे आणि काठावर घरं असणारे. बोटवाल्यांनी मामाला पुढे केलं होतं. एवढ्या सभ्य माणसाच्या तोंडावर बंदी कोण घालणार, असा त्यांचा हिशेब.

मामा उठला, उठताना पुढच्या खुर्चीला धक्का लागला म्हणून खुर्चीची माफी मागितली, लोक हसले. मग त्याने सगळं सांगितलं. लाट कुठून येते ते, आणि सगळ्यात मोठी लाट तळ्यावरच्या सगळ्यात लाडक्या माणसापुढेच का येते तेही. "आपण सगळे ताईचा मान ठेवतो," तो म्हणाला, "म्हणून तिची जेटी मोडली. बाकीच्यांसमोर आपण जरा बेपर्वा आहोत, म्हणून ते वाचले. एक बाई बुडता बुडता वाचली. आता तुम्ही मोठ्या बोटी बंद केल्यात तर मी तोंड उघडणार नाही."

बोटवाल्यांत गलका झाला. "तुम्ही आमच्या बाजूने आहात की त्यांच्या?" एकाने खडसावून विचारलं.

"मी पाणी फाडून आलोय," मामा म्हणाला, "मला बाजू राहिलेली नाही." आणि खाली बसला.

मग आई उठली. मला वाटलं, आता बंदी मागणार आणि मिळणार. जेटी वाचावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि फळकुटावरून आत जाणाऱ्या त्या चाकाच्या खुर्च्याही डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"मी बंदी मागायला आले होते," आई म्हणाली. तिला माइकची गरज नव्हतीच. "पण याच्या बोटीत जी माणसं बसतात ती माझ्या होडीत चढू शकत नाहीत. त्यांनी तळं बघायचं कुठून, फोटोत? तर बोटी राहू द्या. फक्त काठाला आलात की सरपटत या. मध्ये गेलात की हवं तसं पळा. आणि एक सांगते, माझ्या जेटीसमोर यापुढे कोणी माझा मान ठेवायचा नाही. ठेवायचाच असेल तर लांबून जा."

अध्यक्षांना हे नियमात कसं लिहावं ते कळेना, पण हात वर झाले. सगळे नाही. काही बोटवाले नाक मुरडत उठून गेले, एक जण मामाशी अजून बोलत नाही. मामाच्या फेरीतला काठाकाठाने जायचा भागही गेला, त्यावर काही प्रवासी कुरकुरतात. पण जेटी बंद झाली नाही.

राहता राहिल्या मास्तरीणबाई. मामा त्यांच्या घरी माफी मागायला गेला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी दार उघडून सांगितलं, "माफी पुरे झाली. मला पाण्याची भीती नाही राहिली, मला न दिसणाऱ्या लाटेची भीती बसलीय. मला ती तुमच्या बोटीतून बघायचीय, कुठून निघते ती. पण तुमची बहीण बरोबर असेल तरच येईन."

आई मामाच्या बोटीत तोवर कधीच बसली नव्हती. "इंजिनावर माझा भरवसा नाही," असं ती म्हणाली. मी म्हटलं, "आधी भरवसा ठेवा, असं तूच ओरडतेस ना सगळ्यांवर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

मामाचा डोळा बरा झाला होता. त्याने बोट सरपटत काठापासून बाहेर काढली. मागे जेटीवर मामाची मुलगी बसली होती आणि बेकरीवाला पाण्यावर पाठ टेकून पडला होता, डोळे उघडे. मास्तरीणबाई आईला खेटून, मान मागे वळवून पाणी बघत होत्या. बरीच लांब गेल्यावर मामाने वेग वाढवायला घेतला. पण बोटीत बहीण, शेजारी घाबरलेली बाई. सवयीने त्याचा हात अर्ध्यावर अडला. बोटीचं नाक उठलं, शेपूट बसलं.

"ती बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "निघाली."

आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, दोन्ही हातांनी तिने बाक पकडलं होतं. "अरे, मध्येच काय रेंगाळतोस! पळव!"

"ताई, भीती वाटेल तुला."

"वाटू दे मला! तिकडे पाण्यात माणूस आहे!"

मामाने कोणाची माफी मागितली नाही. त्याने लिव्हर पार पुढे ढकलला. बोट पाण्यावर चढली, मागची लाट खाली बसली, वारा तोंडावर आपटला. आई डोळे गच्च मिटून मटकन बाकावर बसली आणि तळ्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत राहिली, "अजून जोरात! अजून!"